तेरा डॉलरचा महिना

मार्च १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध. व्हर्जिनियात रॅपहॅनॉक नदीच्या उत्तरेला, व्हाइट ओक चर्चच्या आसपास, युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेची छावणी. पलीकडे फ्रेडरिक्सबर्ग आणि दक्षिणेच्या जनरल लीची फौज. डिसेंबरात ते गाव घ्यायला जाऊन या बाजूची बारा हजारांवर माणसं कामी आली, जखमी झाली नाहीतर सापडेनाशी झाली. तेव्हापासून फौज चिखलात बसून आहे. आपला गडी व्हर्मॉंटचा शेतकरी. नाव काही ठेवायला नको. त्याच्यासारखे इथं लाखभर आहेत.

सकाळी ६. ढोल वाजतो. खोपटात चौघं. छातीइतक्या उंच ओंडक्यांच्या भिंती, फटींत माती, वर बटणांनी जोडलेलं राहुटीचं कापड. धुराड्याच्या टोकाला बूड काढलेलं पिंप. ते अधूनमधून पेटतं, मग सगळे ओरडत बाहेर पळतात. शिपाई ओव्हरकोट चढवून हजेरीला उभा राहतो. आत नुसती चड्डी आहे हे सार्जंटला कळतं. तो काही बोलत नाही.

६.३०. आज शिधा. सार्जंट रबरी चादर अंथरतो, कॉफीचे आणि साखरेचे ढीग लावतो. ढीग शक्य तितके सारखे. मग तो पाठ फिरवतो, दुसरा एका ढिगावर बोट ठेवतो आणि सार्जंट न बघता नाव पुकारतो. भांडणाला जागाच नाही. शिपाई कॉफी-साखर एकाच पिशवीत ओततो, म्हणजे साखर आधी संपत नाही. मूठभर बिया टिनाच्या मगात घालून संगिनीच्या बुडानं कुटतो. पाणी उकळलं की हार्डटॅक, म्हणजे फौजी बिस्किट, बुडवायचा. चौकोनी, बोटभर जाड, वाळून दगड झालेला. कॉफीवर किडे तरंगतात. चमच्यानं काढून टाकायचे.

७.३०. आजाऱ्यांची हाक. खोपटातला एक जण पोट धरून जातो आणि क्विनाइन घेऊन परततो. पोटाला क्विनाइन कशाला, हे विचारायचं नाही. या युद्धात गोळीनं एक मेला तर रोगानं दोन.

८.३०. सरपण. आजचं खरं काम हेच. छावणी पडली तेव्हा झाडं दाराशी होती. लाखभर माणसांच्या चुलींनी टेकड्या बोडक्या केल्या. आता मैल-दीड मैल चालायचं. चिखल बुटाला धरतो, पाय वर येतो आणि बूट मागं राहतो. कुऱ्हाड कंपनीची, धार गेलेली. शिपाई आधी दगडावर घासून तिला धार लावतो. शेतकऱ्याला बोथट हत्यार चालवत नाही. पाइन ओला आहे. जळेल कमी, धूर जास्त. खांद्यावर ओंडका घेऊन परत येताना तो घरच्या लाकडांच्या ढिगाचा हिशेब करतो. जाताना फोडून ठेवली होती ती एव्हाना संपली असतील. गावात मजूर मिळत नाही, तरणे सगळे इथं आलेत.

११. कवायत. स्प्रिंगफील्ड बंदूक, चार किलोच्या वर. भरण्याचे नऊ हुकूम. काडतूस काढ, दातानं कागद फाड, दारू नळीत ओत, गोळी घाल, गज काढ, ठास. पुढचे दात नसलेल्याला भरतीत घेत नाहीत ते यासाठीच. आज काडतूस नाही, नुसते हातवारे. खरोखरच्या लढाईत मिनिटाला तीन बार म्हणजे चांगला हात.

दुपारी १. ताजा पाव! जानेवारीअखेर जनरल हूकर फौजेचा सेनापती झाला, त्यानं आठवड्यातून चारदा पाव आणि दोनदा बटाटे-कांदे द्यायला लावले. आधीच्या सरदाराबद्दल शिपाई वाईट बोलत नाही, पण पाव हळूहळू खातो.

२. सटलरचा तंबू. सटलर म्हणजे रेजिमेंटचा परवानाधारक दुकानदार. काकवीची सहा बिस्किटं पाव डॉलरला. शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, म्हणजे दिवसाला त्रेचाळीस सेंट. तोही दर दोन महिन्यांनी मिळायचा; प्रत्यक्षात चार-सहा महिने पत्ता नसतो. उधारी मात्र हवी तेव्हा मिळते. कायद्यानं सटलरला पगाराच्या सहाव्या हिश्शापर्यंत हक्क आहे आणि तो पगारवाटपाच्या टेबलाशीच उभा राहतो. व्हर्मॉंट राज्य आपल्या शिपायांना वर ७ डॉलर देतं. ते सात त्यानं बायकोच्या नावे लावलेत. भरतीच्या बक्षिसाचे १०० कबूल होते. २५ हातात पडले, उरलेले सुटताना. सुटला तर. शिपाई बिस्किटांकडे बघतो आणि तसाच निघतो.

३. टपाल. बायकोचं पत्र, आठ दिवसांपूर्वीचं. कापडाचा भाव दुपटीवर गेला, जुन्याच झग्याला ठिगळं लावतेय. (दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला होता. त्याच हंगामात आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबईहून लिव्हरपूलला चालल्या होत्या आणि मुंबईचे दलाल हरखून गेले होते.) पुढं लिहिलंय, मेपलचा रस सुटलाय. रात्री गोठण आणि दिवसा ऊन, असे दिवस वर्षातून थोडेच. झाडांना भोकं पाडायची, बादल्या टांगायच्या, चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक. आपल्या गुऱ्हाळासारखंच, रात्रभर चुलाण पेटतं ठेवावं लागतं. यंदा ती आणि सासरा दोघंच आहेत. निम्मी झाडं सोडून दिली.

शिपाई हे वाक्य पुन्हा वाचतो. कोणती निम्मी? ओढ्याकडची सोडली असतील तर चूक केली, तिथला रस गोड. तो मांडीवर फळी ठेवून तेच लिहायला बसतो. तिकीट तीन सेंटचं आणि त्याच्याकडं नाही. पाकिटावर ‘शिपायाचं पत्र’ असा शेरा मारून घेतला की तिकिटाशिवाय जातं. तीन सेंट तिकडं बायको भरते.

५. संध्याकाळची परेड. बटणं पुसायची, उभं राहायचं, संपलं.

६.३०. शर्ट काढून शिवणींतल्या उवा मेणबत्तीवर धरायच्या. खोपटातला चौथा नदीवरच्या पहाऱ्यावरून तंबाखू घेऊन आलाय. पलीकडच्यांकडं तंबाखू भरपूर, कॉफी नाही. म्हणून अदलाबदल: फळीची होडी, चिंधीचं शीड, वाऱ्याची दिशा बघून सोडायची. वरिष्ठांची मनाई आहे. मग वाद निघतो, हे युद्ध देश एक ठेवायला की गुलाम सोडवायला. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा एक जानेवारीला निघाला तेव्हापासून रोजचा वाद. शिपाई मोजा शिवतो. त्याला रजेचं पडलंय. शंभरांत एका वेळी दोघांना सोडतात, दहा-पंधरा दिवस. चिठ्ठी निघेपर्यंत रस आटलेला असेल.

८.३०. शेवटची हजेरी. सार्जंट उद्याच्या पहाऱ्याची यादी वाचतो. शिपायाचं नाव आहे. तीन दिवस नदीवर. तो तंबाखूवाल्याकडं हातमोजे मागतो. तंबाखूवाला म्हणतो, आधीचे चाळीस सेंट दे. पगार झाल्यावर, शिपाई म्हणतो. मग तो कॉफीची पिशवी हातावर तोलतो. तीन दिवस पुरवून मूठभर पलीकडं पाठवता येईल.