सातासमुद्रापलीकडची रिकामी दुपार

माझ्या बहिणीच्या मुलीचा फोन रात्री साडेबाराला येऊ लागला, तेव्हाच माझ्या मनात चुकचुकले. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीची दुपारचे दोन वाजलेले असतात. नवरा ऑफिसात, दार बंद, बाहेर बर्फ.

“मावशी, झोपली होती का तू?” ती विचारायची. मी नाही म्हणायची. मग ती काही विशेष सांगायची नाही. आज भात केला, कपडे धुतले, खिडकीतून एक गाडी जाताना पाहिली. एवढेच.

ही पोरगी नागपूरला एका दवाखान्यात स्टाफ नर्स होती. रात्रपाळी करून सकाळी गाडी पकडून गोंदियाला यायची आणि घरी येऊन आईच्या हातचे काम घ्यायची. तिला रिकामे बसलेले आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

आमच्याकडे रिकामी बाई कोणी पाहिली? माझी आई तिरोडा तालुक्यातल्या गावात पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणा करायची, उन्हाळ्यात पहाटे तेंदुपत्ता तोडायला जंगलात जायची आणि उरलेले वर्षभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. बिड्या मोजून घेणारा माणूस एखादी जुडी हातात घेऊन बाजूला काढायचा आणि तिचे पैसे कापायचा. आई रडायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सूप घेऊन बसायची. पण शनिवारी हातात आलेला पैसा तिचा असायचा. त्यातून आम्हा बहिणींच्या वह्या आल्या, आणि पुढे नातीची नर्सिंगची फी भरायला तिने कानातले मोडले. वाचकहो, तीच नात आता तीन पिढ्यांत पहिल्यांदा घरी बसली होती. आळसाने नव्हे, कायद्याने.

कायदा असा आहे. नोकरीवर जाणाऱ्याला एच-१बी व्हिसा मिळतो. त्याच्या बायकोला मिळतो एच-४. त्या व्हिसावर तिला राहता येते, शिकता येते, गाडीचा परवाना काढता येतो, पण पगाराचे काम करता येत नाही. कामाचा परवाना नसेल तर तिथल्या प्रत्येक कागदावर लागणारा सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. सरकारी कागदावर तिची ओळख ‘डिपेंडंट’ अशी असते. म्हणजे आश्रित.

२६ मे २०१५ पासून त्यात थोडी वाट निघाली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा तो सहा वर्षांच्या मुदतीपुढे नियमाने थांबला असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. २०१७ अखेरपर्यंत नव्वद हजारांवर लोकांना असा परवाना पहिल्यांदा मिळाला. त्यांत शंभरातल्या नव्वदाहून अधिक बायका होत्या, आणि तितक्याच भारतातल्या. म्हणजे हे दुखणे एकट्या आमच्या भाचीचे नाही. लक्षात ठेवायची गोष्ट ही की परवान्यासाठी ग्रीन कार्ड हातात यावे लागत नाही. भारतीयांसाठी ती रांग वर्षानुवर्षांची आहे. आय-१४० मंजूर झाला तरी पुरे.

हे आम्हाला लग्नाआधी कोणी सांगितले? मुलाकडे आम्ही पाहणीला गेलो. पगार विचारला, घर विचारले, दारू पितो का विचारले. लग्न बौद्ध पद्धतीने कुठल्या विहारात करायचे ते ठरवले. पण “तुमचा आय-१४० झाला का हो?” हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. जावई भला माणूस आहे, विचारले असते तर सांगितले असते. त्याचा अर्ज तेव्हा नुकता भरायला घेतला होता.

सुरुवातीची अडचण पैशाची होती. पैसा कमी होता म्हणून नव्हे. पोरीला हात पसरायची सवय नव्हती. साबण आणायचा तर नवऱ्याचे कार्ड, आईला दोन हजार पाठवायचे तर नवऱ्याला सांगणे. तो कधी नाही म्हणाला नाही. पण सांगावे लागते, हेच तिला टोचायचे. एकदा मला म्हणाली, “मावशी, आजीला निदान शनिवारी पैसे भेटत होते.”

त्याच दिवसांत ओळखीच्या एका दुकानदाराने काम देऊ केले. गल्ल्यावर बसायचे, पैसे रोख, कागदावर काही नाही. तिला मोह झाला. जावयाने साफ नको म्हटले आणि दोघांत पहिले मोठे भांडण झाले. यात मी जावयाच्या बाजूची आहे. परवाना नसताना केलेले काम उघडे पडले तर व्हिसा धोक्यात येतो आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी तेच आडवे येते. दुकानदाराचे काय जाते?

पण भांडणातून एक चांगले झाले. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिथे बाबासाहेब बोलले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हे भाषण भाचीला शाळेपासून ठाऊक. तिने जावयाला विचारले, “मग कागदावर मी आश्रित आहे, घरात कोण आहे?” जावयाने दोघांच्या नावाचे खाते उघडले. आता पगार त्यातच येतो आणि तिचे वेगळे कार्ड आहे. शनिवार-रविवारचा स्वयंपाक त्याने अंगावर घेतला. त्याचा भात अजून गचका होतो, असे ऐकते.

भाताचे दुःख मात्र खरे आहे. धानाच्या जिल्ह्यातली पोर, तिला दुकानात सोना मसुरी मिळते, बासमती मिळते, पण आपला एचएमटी काही मिळत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या लोंब्या निवडून हे वाण काढले आणि त्या काळी नावाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला दिले. त्याची चव तोंडात बसली की सुटत नाही. लाखोरीच्या डाळीचे तर नावच नको. सुकट एका दुकानात मिळाली, पण इमारतीत वास जाईल म्हणून ती बरेच दिवस डब्यातच राहिली.

वास कोणाला जाईल? गोऱ्या शेजाऱ्यांना नव्हे, आपल्याच देशातल्या शेजारणींना. त्यांनी पहिल्या भेटीत आडनाव विचारले, मग गाव, मग घरी मांसाहार चालतो का. सातासमुद्रापलीकडे गेल्यावर हे सुटेल असे आपल्या लोकांना वाटते. सुटले असते तर सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ठराव करावा लागला नसता. कॅलिफोर्नियात तसेच विधेयक दोन्ही सभागृहांत पास झाले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरने ते सहीविना परत पाठवले.

भाचीने आडनाव सांगितले, आणि घरात बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला. एक शेजारीण येईनाशी झाली, दुसरी आंध्रची होती, ती फोटो पाहून जयभीम म्हणाली. तिच्याच गाडीतून ही दोघे श्रीलंकेच्या भिक्खूंच्या विहारात जायला लागली. भाची सांगते, उच्चार वेगळे, पण त्रिशरण आणि पंचशील पालीत तेच, त्यामुळे पहिल्याच दिवशी सोबत म्हणता आले. एका रविवारी दोघे रेल्वेने न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठ पाहून आली. तिथल्या लेहमन ग्रंथालयात १९९५ पासून बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. १९१३ ते १९१६ ते तिथे शिकत होते आणि रमाई मुंबईत हालात दिवस काढत होत्या. “मला निदान सोबत येता आले,” एवढेच भाची म्हणाली.

आता ज्यांच्या घरी परदेशचे स्थळ आले आहे, त्यांच्यासाठी थोडे. देशाप्रमाणे नियम बदलतात. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येते. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या बायकोलाही येते, पण वृद्धांची देखभाल करायला जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून जोडीदाराला बोलावताच येत नाही. तेव्हा एजंट काय म्हणतो ते सोडा, त्या देशाच्या सरकारी नियमात पाहा. विहारातल्या लग्नाचा दाखला जवळ ठेवाच, पण ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विवाहनोंदणी करून सरकारी प्रमाणपत्र घ्या, व्हिसाला ते मागतात. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि इतर कागदांवर सासरचे, असा गोंधळ करू नका. आणि लेक हुशार असेल तर तिला स्वतःच्याच नावावर पाठवता येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जणांना. मग जावईबापू आश्रित म्हणून मागे जातील. गंमत म्हणून लिहिले, पण अमेरिकेत विद्यार्थिनीच्या नवऱ्यालाही कामाची परवानगी नसते, हे खरेच आहे.

जावयाचा आय-१४० आता मंजूर झाला आहे. भाचीने परवान्याचा अर्ज टाकला आहे. तोवर ती तिथल्या नर्सेसना द्यावी लागणारी एनक्लेक्स परीक्षा देण्यासाठी अभ्यास करते. औषधांची नावे इथली वेगळी, तिथली वेगळी. इथे पॅरासिटामॉल म्हणतो, तिथे ॲसिटामिनोफेन. पाठ करताना जीभ अडखळते, म्हणून ती मोठ्याने म्हणते आणि जावई पुस्तक धरून बसतो.

परवाचा फोन सकाळी सातला आला, मी चूल पेटवत होते. तिकडे रात्रीचे साडेआठ. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि जावई विचारत होता, पाणी किती घालायचे.