तंतुवलयाची लांबी मोजावी दूरच्या वाटेने

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरील मारतहळ्ळी परिसरात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये दाटीने वसली आहेत. अशा ठिकाणी ऑप्टिकल फायबर केबल वलयाकार टाकण्याचा हेतू स्पष्ट असतो. खोदकामात ती एका जागी तुटली, तरी संदेश उलट दिशेने पोहोचावा. मात्र त्यासाठी लांबीचे गणित आधीच मांडावे लागते.

हे गणित प्रकाशशक्तीच्या जमाखर्चाचे आहे. उदाहरणार्थ, ट्रान्समीटरची शक्ती उणे ३ डीबीएम आणि रिसीव्हरची किमान गरज उणे २३ डीबीएम असल्यास २० डेसिबल खर्चाला मिळतात. दोन कनेक्टरचे १ आणि राखीव ३ डेसिबल वजा जाता १६ उरतात. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर, सांध्यांसह दर किलोमीटरला ०.४ डेसिबल घट धरल्यास मर्यादा ४० किलोमीटर येते.

प्रत्येक केंद्रावर संदेश नव्याने प्रक्षेपित होत असेल, तर ही मर्यादा लगतच्या दोन केंद्रांमधील अंतरालाच लागू होते. परंतु मधल्या केंद्रांतून प्रकाश तसाच पुढे जात असेल, तर चित्र पालटते. समजा, वलय ४५ किलोमीटरचे आहे आणि दोन केंद्रे ३ किलोमीटरवर आहेत. त्यांच्यामधील केबल तुटताच प्रकाशाला ४२ किलोमीटरचा वळसा पडतो. मधल्या केंद्रांतील घट वेगळीच. एरवी सुरळीत चालणारा दुवा नेमका गरजेच्या वेळी बंद पडतो.

शिवाय रस्त्याचे अंतर म्हणजे केबलची लांबी नव्हे. दुरुस्तीसाठी ठेवलेली वेटोळीही तीत येतात. म्हणून ओटीडीआर उपकरणाने केलेली प्रत्यक्ष मोजणीच ग्राह्य धरणे हिताचे ठरते.