उन्हाळी भाजीपाल्याची लागवड केव्हा करावी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले आणि दुधी ही महाराष्ट्रातील उन्हाळी भाजीपाल्याची मुख्य पिके असून त्यांच्या लागवडीचा हंगाम साधारणपणे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत धरला जातो. या सात-आठ आठवड्यांत नेमके केव्हा पेरावे, याविषयी मात्र परसात दोन वाफे करणाऱ्यापासून बाजारासाठी एकरभर पीक घेणाऱ्यापर्यंत अनेकांचे निर्णय ऐकीव समजुतींवर बेतलेले असतात. लागवडीची वेळ म्हणजे वर्षातील एक ठरलेला दिवस, ही या समजुतींच्या मुळाशी असलेली चूक आहे. वस्तुतः ती दोन मर्यादांमधील मुदत असते. तिची सुरुवात मातीची ऊब ठरवते, तर शेवट एप्रिल-मेमधील उष्णता आणि विहिरीचे पाणी ठरवते.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो आणि थंडी ओसरू लागते, म्हणून संक्रांत झाली की बी टाकावे, हा पहिला गैरसमज होय. दिवस वाढू लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि संक्रांतीपर्यंत त्यात पडलेली भर केवळ काही मिनिटांची असते. शिवाय सूर्यप्रकाश वाढू लागला तरी जमीन लगेच तापत नाही, आणि उत्तरेकडून येणारे कोरडे, थंड वारे जानेवारीतही वाहत असल्यामुळे मध्य महाराष्ट्र आणि विदर्भात संक्रांतीनंतरही कडाक्याच्या थंडीची लाट येऊ शकते. दुसरीकडे, होळी जळाल्याशिवाय थंडी पळत नाही असे मानून तोवर थांबणारेही आहेत. होळी चांद्रमासाप्रमाणे येत असल्याने सौरवर्षाच्या हिशेबात ती मागेपुढे होते. २०२४ मध्ये ती २४ मार्चला होती, तर २०२५ मध्ये १३ मार्चला. जो सण दोन लागोपाठच्या वर्षांत अकरा दिवसांनी सरकतो, त्याच्यावर मातीच्या तापमानाचा हिशेब बसवता येत नाही, आणि मार्चच्या अखेरीस पेरलेल्या भाजीला पुढे काय सोसावे लागते, हे या लेखात पुढे येईलच.

सर्वांत अधिक नुकसान करणारी समजूत अशी की, जेवढे लवकर पेरावे तेवढे लवकर पीक हाती येते. बी उगवण्याचा वेग प्रामुख्याने त्याच्या भोवतालच्या मातीच्या तापमानावर अवलंबून असतो. भेंडीचे बी १५ अंश सेल्सिअसला उगवून वर यायला सुमारे २७ दिवस घेते, २० अंशांना १७, २५ अंशांना १३, तर ३० अंशांना अवघे ७ दिवस. काकडीचे बी तिच्यापेक्षा चपळ असले तरी त्यालाही १५ अंशांना १३ आणि २५ अंशांना ४ दिवस लागतात. हे आकडे दिवसरात्र स्थिर ठेवलेल्या तापमानाचे आहेत. शेतात दुपारी वरचा थर तापत असल्याने प्रत्यक्ष फरक थोडा कमी राहतो, परंतु त्याची दिशा बदलत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाकलेले बी थंड, ओल्या मातीत दिवसचे दिवस पडून राहते, तेवढ्या अवधीत बुरशीला त्यात शिरायला वाव मिळतो, आणि जी रोपे वर येतात त्यांपैकी काही जमिनीलगत कुजून कोलमडतात. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला शेजारचा वाफा मात्र एकसारखा उगवतो आणि पुष्कळदा तोडणीलाही मागे राहत नाही.

माती किती तापली, हे अंगाला जाणवणाऱ्या हवेवरून किंवा वर्तमानपत्रातील किमान तापमानावरून कळते, असेही समजले जाते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत असल्याने तिचा पृष्ठभाग या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक थंड होतो. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गवतावर दव गोठलेले आढळते ते यामुळेच. उलट, पाच सेंटीमीटर खोलीवरची माती दिवसभरातील ऊब काही प्रमाणात धरून ठेवते. म्हणूनच कृषी हवामान वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटीमीटर खोलीवरच्या मातीचे तापमान स्वतंत्रपणे मोजतात. परसबागेत हेच काम साध्या तापमापकाने होते: सकाळी सात-आठच्या सुमारास तो वाफ्यात दोन बोटे खोल खुपसून पाच मिनिटांनी आकडा पाहावा, आणि आठवडाभर तो १८ अंशांच्या खाली उतरत नसेल तर भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या पेरण्यास हरकत नाही. वाफा भरपूर भिजवल्यानंतर लगेच मोजू नये, कारण पाण्यामुळे माती थंड होते. याच कारणाने ओल धरून ठेवणारी भारी काळी जमीन हलक्या, मुरमाड जमिनीपेक्षा उशिरा तापते.

संपूर्ण राज्याला एकच वेळ लागू पडते, हे तर मुळीच खरे नाही. कोकण किनाऱ्यावर समुद्रामुळे रात्री फारशा थंड होत नसल्याने भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल, चवळी, लाल माठ आणि कलिंगड डिसेंबरातच घेता येतात, तर द्राक्षांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाड परिसरात जानेवारीत पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी परसात भेंडी लावताना पाहायची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथील ‘हार्डीनेस झोन’ हा नकाशा हिवाळ्यातील सरासरी नीचांकी तापमानावर आधारलेला असून बारमाही झाडे तग धरतील की नाही एवढेच तो सांगतो. बी केव्हा पेरावे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वसंतातील शेवटच्या हिमाची तारीख पाहतात, पण ‘सरासरी’ म्हणून छापलेल्या त्या तारखेनंतरही जवळजवळ निम्म्या वर्षी हिम पडते, हे लक्षात घेतले जात नाही.

मुदतीच्या दुसऱ्या टोकाचा विचार याहूनही कमी होतो. मार्चच्या अखेरीस लावलेला वेल जोमाने वाढतो, फुलांनी भरतो आणि तरीही धरत नाही. त्यावर खताची मात्रा वाढवली जाते. काकडी, दोडका यांसारख्या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि तापमान व दिवसाची लांबी वाढली की नर फुलांचे प्रमाण वाढते, म्हणून फळे कमी लागतात. हा दोष खताचा नसून वेळेचा आहे. टोमॅटोतही दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होऊन फुले गळतात, त्यामुळे त्याची फुले एप्रिलपूर्वी धरतील अशा बेताने रोपे लावावी लागतात. भेंडी उष्णता सोसते, परंतु तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि ऊन वाढते तशी ही माशीही वाढते. म्हणून तारीख शेवटाकडून मोजावी. भेंडीची पहिली तोडणी पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी होते आणि पुढे दीड-दोन महिने चालते. १० फेब्रुवारीला पेरलेल्या भेंडीचा बहुतेक माल मेअखेर निघून जातो, तर २५ मार्चला पेरलेली भेंडी मेच्या मध्यास, ऐन टंचाईत, पहिली तोडणी देते.

या टंचाईचा हिशेब लागवडीपूर्वीच करता येतो. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये जमीन झाकून टाकणाऱ्या पिकाला दिवसाला सुमारे ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागते आणि एक चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर होय. त्यामुळे १०१ चौरस मीटरच्या एका गुंठ्याला रोज ६०० ते ७०० लिटर पाणी हवे. काळ्या पाषाणातील विहिरींचा साठा मुळातच मर्यादित असतो. ठिबक आणि आच्छादनामुळे वाया जाणारे पाणी वाचते, पण पिकाने पानांवाटे बाहेर टाकायचे पाणी त्याला द्यावेच लागते.

मेथी, पालक आणि कोथिंबीर यांचे गणित उलटे आहे. ही थंडीची पिके वाढत्या उन्हात लवकर फुलोऱ्यावर येतात, त्यामुळे उन्हाळी वाफ्यांसोबत ती मार्चमध्ये पेरण्यापेक्षा जानेवारीतच उरकणे आणि पुढे घ्यायचीच असतील तर सावलीच्या जाळीखाली घेणे योग्य. फेब्रुवारीची वेळ ज्यांच्या हातून निसटली असेल, त्यांनी एप्रिलच्या उन्हात बी आणि पाणी खर्ची घालू नये. भेंडी, गवार, दोडका आणि कारले ही पिके जूनच्या पावसावरही उत्तम येतात.