मुंबई–लंडन: उशिराचे पैसे कोण देतं?
मार्ग एकच, हक्क मात्र दोन तऱ्हेचे. लंडनहून सुटणारं कुठल्याही कंपनीचं विमान ब्रिटिश कायद्याखाली येतं; मुंबईहून लंडनला जाताना कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असावी लागते. म्हणजे एअर इंडियाने परत येताना भरपाईचा हक्क आहे, जाताना नाही. विचित्र आहे, पण आहे.

साडेतीन हजार किलोमीटरपुढच्या प्रवासात पोहोचायला चार तास किंवा जास्त उशीर झाला, तर माणशी ५२० पौंड. तीन ते चार तासांना २६०. चाकं टेकल्याची नव्हे, दार उघडल्याची वेळ धरतात. तेव्हा त्या क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. धुकं, वादळ, हवाई हद्द बंद होणं या सबबी चालतात. नेहमीचा तांत्रिक बिघाड चालत नाही, काउंटरवर कितीही गंभीर चेहऱ्याने सांगितला तरी. जेवणखाण आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय, कारण काहीही असो, द्यावीच लागते.

आपल्याकडच्या डीजीसीएच्या नियमांत नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही; लांब पल्ल्याच्या विमानाला चार तासांपुढे खाणंपिणं, २४ तासांपुढे हॉटेल.

इंग्लंडमध्ये दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. बोर्डिंग पास जपून ठेवा.