कमी बजेटमध्ये व्हिडिओ एडिटिंगसाठी मॉनिटर घेताय? आधी हा एक आकडा बघा

काइनमास्टर किंवा व्हीएनवर रील्स बनवता बनवता बरेच जण एक दिवस पैसे घेऊन काम करायला लागतात. शेजारच्या ताईचं लग्न, कोणाचं बारसं, गणेश मंडळाचा व्हिडिओ. काम वाढलं की फोन अपुरा पडतो, मग पीसी किंवा लॅपटॉप येतो आणि त्यापाठोपाठ मॉनिटरचा प्रश्न येतो. मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण सुट्टीच्या दिवशी मित्रांचे व्हिडिओ एडिट करून देतो. त्यामुळे असा मेसेज मला नेहमी येतो: "बजेट १२ हजार आहे. १४४ हर्ट्‌झ घेऊ की कर्व्ह्ड?"

माझं उत्तर असतं, दोन्हीचा विचार नंतर कर. आधी त्या मॉनिटरचा एसआरजीबी आकडा मला पाठव.

रंग चुकले तर बिघडतं काय?

हळदीचा व्हिडिओ घ्या. तुमच्या स्क्रीनला गडद लाल, हिरवा पूर्ण दाखवताच येत नसेल, तर त्यांच्यापासून बनणारा पिवळाही फिका पडतो. तुम्हाला वाटतं, शूटच फिकं झालंय. मग तुम्ही सॅच्युरेशन वाढवता, आपल्या स्क्रीनवर छान दिसेपर्यंत वाढवता आणि फाइल पाठवता. नवरीकडचे ती चांगल्या अमोलेड फोनवर उघडतात. तिथे हळद भडक केशरी, चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल आणि शालूच्या जरीचे बारकावे गायब. "परत करून द्या" असा फोन येतो आणि उरलेले पैसे अडकतात.

यात तुमची नजर चुकलेली नसते, तराजू चुकलेला असतो. एडिटरसाठी मॉनिटर म्हणजे तराजूच. वाण्याचा तराजू दिसायला किती भारी आहे हे कोणी बघत नाही, वजन बरोबर दाखवतो का एवढंच बघतात. मॉनिटर घेतानाही तेवढंच बघायचं.

एसआरजीबी म्हणजे नक्की काय?

आपल्या डोळ्यांना दिसणारे सगळे रंग कोणतीच स्क्रीन दाखवू शकत नाही. म्हणून "निदान एवढे रंग तरी सगळ्यांनी सारखे दाखवायचे" असं एक माप ठरवलं गेलं. ते म्हणजे एसआरजीबी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते मांडलं. एचडी व्हिडिओचं माप आहे रेक. ७०९. या दोन्ही मापांचे मूळ लाल, हिरवा आणि निळा रंग एकच आहेत. यूट्यूब-इन्स्टावर जाणारा आपला साधा, म्हणजे एचडीआर नसलेला व्हिडिओ याच मापात बनतो. म्हणून मॉनिटरने एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवलं, तर तुमचं ९० टक्के काम झालं.

स्पेसिफिकेशनमध्ये "कलर गॅमट" ही ओळ शोधा. तिथे एसआरजीबी ९५ टक्क्यांच्या वर हवं, ९९ असेल तर उत्तम.

इथे एक गंमत आहे. काही ठिकाणी एसआरजीबी लिहिलेलंच नसतं, त्याऐवजी "७२% एनटीएससी" किंवा "४५% एनटीएससी" असं असतं. एनटीएससी हे १९५३ चं अमेरिकन कलर टीव्हीचं जुनं माप. ते एसआरजीबीपेक्षा मोठं आहे, म्हणून आकडा लहान दिसतो. हिशोब सोपा आहे: ७२% एनटीएससी म्हणजे साधारण १००% एसआरजीबी, आणि ४५% एनटीएससी म्हणजे जेमतेम ६२-६३% एसआरजीबी. पहिला घ्या, दुसऱ्याला हात लावू नका.

अनेक स्वस्त लॅपटॉपचे, अगदी काही गेमिंग लॅपटॉपचेही स्क्रीन ४५% वालेच असतात. प्रोसेसर तगडा, ग्राफिक्स कार्ड तगडं, आणि रंग मात्र अर्धवट. तुमचा लॅपटॉप असा असेल, तर नवीन लॅपटॉप घेण्याआधी त्याला एक बरा मॉनिटर जोडा. कमी पैशात जास्त फरक पडतो.

रंगांचा आकडा बरोबर असला तरी ते रंग अचूक दिसतात का, हा पुढचा प्रश्न. त्याचं माप डेल्टा ई. हा आकडा जितका लहान तितकी चूक कमी, आणि २ च्या खाली असेल तर फरक सहसा डोळ्याला कळत नाही. बजेट मॉनिटरवर हा आकडा क्वचितच देतात. दिला असेल तर तो प्लस पॉइंट समजा.

पॅनल: इथे फार डोकं लावू नका

आयपीएस घ्या. बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत, शेजारी बसलेल्या क्लायंटलाही तेच दिसतं. व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त खोल असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ असतो, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. सिनेमा बघायला व्हीए मस्त, पण मान थोडी हलवली की गडद भागातले बारकावे बदलतात. टीएन पॅनल एडिटिंगला नकोच.

बॉक्सवर "१,००,००,०००:१ कॉन्ट्रास्ट" असं दिसलं तर तो डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आहे, म्हणजे बॅकलाइट कमी-जास्त करून काढलेला आकडा. त्याकडे दुर्लक्ष करा.

८-बिट आहे का तेही बघा. ८-बिट पॅनल प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा दाखवतं, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. ६-बिटमध्ये ६४ च छटा असतात आणि उरलेल्यांचा भास पिक्सेल भरभर बदलून निर्माण केला जातो. त्याला एफआरसी म्हणतात. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसतात ना, ते ६-बिटवर जास्त जाणवू शकतात. ६-बिट आणि एफआरसीवर काम चालतं, पण त्याच किमतीत खरं ८-बिट मिळत असेल तर तेच घ्या.

२४ इंच की २७? फुल एचडी की ४के?

फुल एचडी २४ इंचात चांगलं दिसतं, एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. तेच २७ इंचावर ताणलं की ८२ च उरतात आणि टायटलची अक्षरं फुटल्यासारखी वाटतात. म्हणून साधा नियम: २४ इंचाला फुल एचडी, २७ इंचाला क्यूएचडी, म्हणजे २५६०×१४४०.

क्यूएचडीचा खरा फायदा एडिटिंगमध्ये कळतो. फुल एचडी व्हिडिओचा प्रीव्ह्यू पूर्ण आकारात, पिक्सेलला पिक्सेल उघडला तरी भोवती टाइमलाइन आणि टूल्ससाठी जागा उरते. फुल एचडी मॉनिटरवर हे शक्यच नाही, कारण प्रीव्ह्यूनेच सगळी स्क्रीन भरते.

"पण मी ४के शूट करतो, मग मॉनिटर ४के नको का?" नको. ४के फुटेज कमी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर आरामात एडिट होतं आणि एक्स्पोर्ट ४के मध्येच होतं. शिवाय जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्‌झवर चालतं. माउससुद्धा अडखळत सरकतो.

ज्याचे पैसे देऊ नयेत

• १४४ हर्ट्‌झ, १ एमएस: आपले व्हिडिओ २४, २५, ३० किंवा फार तर ६० फ्रेमचे. ६० ते १०० हर्ट्‌झ भरपूर झालं. गेमही खेळत असाल तर गोष्ट वेगळी.

• कर्व्ह्ड: फ्रेममधली सरळ रेषा खरंच सरळ आहे का, हे सपाट स्क्रीनवर जास्त नीट कळतं.

• एचडीआर१० चा स्टिकर: याचा अर्थ एवढाच की मॉनिटर एचडीआर सिग्नल घेतो. २५० निट्सच्या स्क्रीनवर खरा एचडीआर दिसत नाही. डिस्प्लेएचडीआर ४०० ही तर या सर्टिफिकेटची सगळ्यात खालची पायरी आहे.

उलट उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड मिळाला तर घ्या. आठ तास बसल्यावर मानेला कळतं.

मग बजेटप्रमाणे काय घ्यायचं?

किमती सेलप्रमाणे हलत राहतात, पण साधारण चित्र असं. ८ ते १० हजारांत २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, ९९% एसआरजीबी मिळू शकतो. सुरुवात करणाऱ्याला हा पुरेसा आहे. १५ ते २० हजारांत २७ इंच क्यूएचडी आयपीएस येतो. महिन्याला दोन-तीन कामं नक्की असतील तर इथे उडी मारा. याच्या मधल्या पट्ट्यात आसूस प्रोआर्टसारख्या मालिकांचे २४ इंची मॉनिटर बघा. त्यातल्या काहींचे रंग कारखान्यातच जुळवलेले असतात आणि डेल्टा ई २ च्या आत असल्याचं कंपनी सांगते.

पैसे अगदीच कमी असतील तर सेकंड हँडही वाईट नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये ऑफिसांतून निघालेले डेल अल्ट्राशार्पसारखे मॉनिटर मिळतात. फक्त पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडून बघा. कोपरे पिवळट किंवा अंधारे दिसले तर बॅकलाइट थकलाय, सोडून द्या.

नवीन मॉनिटरवरही लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच रंग एकेक करून पूर्ण स्क्रीनवर लावा. मेलेला पिक्सेल दिसला तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा.

घरी आणल्यावर हे फुकटात करा

मॉनिटरच्या मेन्यूत एसआरजीबी मोड असेल तर तो लावा. नसेल तर "स्टँडर्ड" किंवा "यूजर" मोड लावा आणि कलर टेम्परेचर ६५०० के ठेवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ब्लू लाइट फिल्टर बंद. विंडोजमधलं नाइट लाइटही बंद, नाहीतर रात्री एडिट केलेला व्हिडिओ सकाळी निळसर दिसेल. ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका. स्क्रीन जास्त उजळ असली की आपण नकळत व्हिडिओ अंधारा करून ठेवतो.

दुसरं, डोळ्यांच्या जोडीला स्कोप वापरा. डाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप आहेत. ते फाइलमधले आकडे दाखवतात, त्यामुळे मॉनिटर कसाही असला तरी फसत नाहीत. व्हेक्टरस्कोपमध्ये त्वचेच्या रंगाची रेषा सुरू करता येते. माणूस गोरा असो की सावळा, नैसर्गिक उजेडातली त्वचा त्या रेषेच्या आसपासच येते. चेहऱ्याचा भाग तिथून लांब सरकला असेल तर रंग बिघडलाय.

आणि शेवटी फोन. तुमचा व्हिडिओ बहुतेक लोक फोनवरच बघणार आहेत, म्हणून पाठवण्याआधी दोन वेगळ्या फोनवर चालवून बघा. आपल्या फोनचा डिस्प्ले "व्हिव्हिड" वरून "नॅचरल" वर आणा. व्हिव्हिडमध्ये सगळंच गोड दिसतं, त्यावरून निर्णय घेऊ नका. मॉनिटरवर आणि नॅचरल मोडच्या फोनवर हळद साधारण सारखीच पिवळी दिसली, तर तुमचा तराजू बरोबर आहे. बिनधास्त फाइल पाठवा.