एका चित्राची खाडाखोड

चित्राला इतिहासाचा पुरावा मानण्यापूर्वी दोंग शीवेन यांचे ‘राष्ट्रस्थापनेचा सोहळा’ हे १९५३चे तैलचित्र पाहावे. १ ऑक्टोबर १९४९ रोजी तिआनआनमेनच्या सज्जातून माओ घोषणा करीत आहेत. मागे नेते उभे आहेत. चौक मोकळा दिसावा म्हणून चित्रकाराने सज्जाचा एक खांब वगळला होता. ती कलावंताची मुभा. पुढचे बदल मात्र हुकमाने झाले. १९५४मध्ये गाओ गांग पदच्युत झाले. त्यांच्या जागी आकाश आणि शेवंती आली. सांस्कृतिक क्रांतीत ल्यू शाओची यांचे दोंग बीवू झाले. दोन्ही वेळा कुंचला धरावा लागला तो मूळ चित्रकारालाच. १९७२च्या सुमारास लिन बोछू नकोसे झाले, तेव्हा दोंग कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. मग इतरांकडून प्रतिकृतीच करवली गेली. १९७९मध्ये त्या प्रतिकृतीत गाळलेले नेते पुन्हा उभे राहिले.