दयेच्या अधिकारावरही घटनेचा अंकुश

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना दोषी व्यक्तीस क्षमा करण्याचा, तिची शिक्षा तहकूब अथवा सौम्य करण्याचा आणि शिक्षेत सूट देण्याचा अधिकार आहे. तो कोणत्या कारणांसाठी वापरावा, हे मात्र घटनेत नमूद नाही.

हा अधिकार व्यक्तिगत मर्जीचा नसून मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वापरायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मारू राम प्रकरणात स्पष्ट केले. राष्ट्रपती हा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात; तोच पुन्हा आल्यास तो बंधनकारक ठरतो. ‘राष्ट्रपतींनी दया नाकारली’ या वृत्तामागे वस्तुतः केंद्र सरकारचा निर्णय असतो.

मग सत्तारूढ पक्षाने आपल्याच माणसावर दया दाखविली तर? आंध्र प्रदेशात २००५ मध्ये हाच प्रश्न उभा राहिला. सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याची उर्वरित शिक्षा राज्यपालांनी माफ केली. मृतांच्या आप्तांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. संबंधित कैदी ‘चांगला काँग्रेस कार्यकर्ता’ असल्याचा उल्लेख चक्क सरकारी अहवालात आढळला. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यायालयाने माफीचा आदेश रद्द केला. धर्म, जात वा राजकीय निष्ठा हे दयेचे निकष असू शकत नाहीत, असे न्यायालयाने बजावले. अर्जावर नव्याने विचार करण्याची मुभा मात्र राज्यपालांना दिली. दया करावी की नाही, हे न्यायालय ठरवीत नाही. निर्णय दुष्ट हेतूने, अप्रस्तुत कारणांवरून किंवा महत्त्वाची माहिती दडवून झाला काय, एवढेच ते तपासते.

निर्णयच न होणे, हाही एक दोष ठरला. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात न्यायालयाने १५ कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जांना झालेला अवाजवी विलंब हे त्यामागील प्रमुख कारण होते.

जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने फाशीच्या कैद्यांच्या अर्जांसाठी मुदती घातल्या आहेत. राज्याचा अभिप्राय व कागदपत्रे मिळाल्यापासून ६० दिवसांत केंद्राने राष्ट्रपतींकडे शिफारस करावयाची आहे. राष्ट्रपतींवर मुदतीचे बंधन नाही. शिवाय, राष्ट्रपतींनी निर्णय कसा घेतला, याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करू नये, असेही हे कलम म्हणते. न्यायालयीन पुनर्विलोकन हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानला गेला असताना, साध्या कायद्याने ते रोखता येईल काय, हा वादाचा मुद्दा आहे.